दादरच्या बांधावरचा पाहुणा

आमच्याकडे पक्षी बघायचे म्हटलं की सगळे गाड्या काढून हतनूर धरणावर पळतात, तिथं बदकं असतात, फोटो भारी येतात, मीपण जातो, नाही असं नाही. पण या रविवारी जे दिसलं ते अमळनेरच्या बाहेरच, दादरच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, शेताला लागून जी पाटचारी आहे ना, तिच्या वाळक्या गवतात.

ग्रासहॉपर वॉर्बलर!!

आपल्याकडे हा गवतात लपणारा छोटा पक्षी फार क्वचित दिसतो, आणि त्यातलं अर्धं कारण हेच की तो दिसूच देत नाही. उडायचं नावच घेत नाही, गवताच्या बुडाशी उंदरासारखा पळतो, अगदी पायाशी गेलं की भुर्रकन जमिनीलगत उडणार आणि चार हातांवर परत गवतात बुडी. मग बसा शोधत. मी चारीच्या काठावर बूड टेकवून बसलो, मोबाईल सायलेंट, आणि बऱ्याच वेळाने साहेब स्वतःच एका आडव्या पडलेल्या धांड्यावर आले. पाठ मळकट हिरवट-तपकिरी, तिच्यावर काळपट ठिपक्यांच्या ओळी, भुवई जेमतेम, पाय गुलाबी. पाठीवर रेघा म्हणजे त्याच्यासारखाच दिसणारा पॅडीफील्ड वॉर्बलर बाद, त्याची पाठ साधी असते. राहिला सिस्टिकोला, तोही गवतातलाच छोटा पक्षी, पण त्याच्या शेपटीला पांढरी टोकं असतात, इथं शेपटी गोलसर आणि पांढरं काही नाही. मग तो वळला आणि शेपटीखालच्या लांब पिसांवरच्या गडद रेघा दिसल्या, ही ग्रासहॉपर वॉर्बलरची खूण, विषयच संपला.

वजन म्हणाल तर 13 ग्रॅमच्या आसपास, आणि आपल्याकडे येणारे हे बहुतेक मध्य आशियातले, तिकडून उडत येऊन आमच्या पाटचारीत किडे वेचतायत, आणि आपण मात्र बांध 'स्वच्छ' दिसावा म्हणून तणनाशक मारून मोकळे. खरं सांगू का, तो गचाळ दिसणारा हातभर पट्टा राहिला म्हणून हा पक्षी दिसला.

तेवढ्यात शेतवाले बाबा आले, "काय देखी ऱ्हायना रे भाऊ, साप शे का काय?" दुर्बीण त्यांच्या हातात दिली, पण तोवर स्वारी गायब, मग कॅमेऱ्यातला फोटो दाखवला. बाबांनी डोळे बारीक करून बघितलं, चिमणीच शे म्हणाले. कुठून आला ते सांगितल्यावर जरा थांबले, पाठीवरचा पंप खाली ठेवला आणि म्हणाले, "मंग आठोडाभर फवारा नही मारस मी."