जमायची जागा बी

सहल घेऊन परतलं की आमच्या टूर कंपनीच्या ऑफिसात एक फॉर्म भरावा लागतो. नागपुरात सीताबर्डीवर दुसऱ्या मजल्यावर बसून मी आजवर असे कितीतरी फॉर्म भरले. शेवटचा रकाना असतो 'विशेष घटना'. या वेळी मी लिहिलं, 'पहिल्या रात्री एक सदस्य पन्नास मिनिटं सापडत नव्हते. सापडले.' साहेबांनी सही केली. ती पन्नास मिनिटं काही त्या रकान्यात मावणारी नव्हती.

मंडळ फुटाळा तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्यांचं. ३६ जण, बहुतेक साठीच्या पुढचे. शिर्डी झाली, केरळ झालं, आता म्हणे जहाज. नागपूरकराला समुद्राचं काय अप्रूप असतं ते मुंबईकराला नाही कळायचं. देशाच्या मधोमध झीरो माइलचा दगड मिरवणारी माणसं आम्ही. कोणत्याही बाजूनं निघालो तरी खारं पाणी शेकडो किलोमीटर लांब. मुंबई-गोवा जहाज ठरलं आणि तलावाकाठी माझ्या तीन बैठका झाल्या. आधार कार्डावरचं नाव आणि बुकिंगचं नाव एकच पाहिजे, हे मी तिन्ही बैठकांत सांगितलं. बीपीच्या गोळ्या मोठ्या बॅगेत टाकू नका हेही सांगितलं, कारण बॅगा धक्क्यावरच काढून घेतात आणि खोलीच्या दाराशी यायला संध्याकाळ होते. घरचं खाणं नेऊ देत नाहीत, हे सांगितल्यावर मात्र बैठकीत सुतक पडलं.

विदर्भ एक्स्प्रेसनं सकाळी मुंबईत उतरलो आणि दुपारी बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावर रांगेत उभे राहिलो. तपासणीत आमच्या मंडळाचं काय काय निघालं! दोन इस्त्र्या, एक चहाची किटली, पाटवड्यांचा डबा, आणि एका काकूजींच्या बटव्यातला पितळी अडकित्ता. इस्त्री-किटली आगीच्या भीतीनं चालत नाही, अडकित्ता धारेमुळे. पावती देऊन तो ठेवून घेतला तेव्हा काकूजी म्हणाल्या, "माह्या सासूचा आहे जी, सांभाळून ठेवजा." तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या पुड्या कोणाच्या मोज्यांत होत्या हे मला ठाऊक होतं. मी बोलले नाही.

चार वाजता कवायत. जहाज सुटायच्या आधी प्रत्येक प्रवाशाला आपापल्या जमायच्या जागी हजर राहावं लागतं. सात आखूड आणि एक लांब भोंगा, तो ऐकला की तिथं पोचायचं. याला कारण आहे. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज खडकाला घासून कलंडलं आणि ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. तेव्हाच्या नियमात ती चोवीस तासांत केली तरी चालायचं. २०१५ पासून जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी ती घ्यावीच लागते.

पण रात्रभर गाडीत बसून आलेल्या माणसांना हे कोण ऐकवणार? आमची जागा 'बी', म्हणजे पाचव्या मजल्यावरचं जेवणघर. भिंतीवर हिरवी पाटी, पांढरं अक्षर. सूचना इंग्रजीत आणि हिंदीत चाललेल्या, आणि आमची मंडळी जांभया देऊन राहिलेली. दोघं तर खुर्चीतच झोपले. शेवटी मी उभी राहिले आणि आपल्या बोलीत आटोपलं, "हे पाहा जी, भोंगा वाजला, घाबरलात, हरवलात, काहीबी समजेनासं झालं, तर दुसरं काही करू नका. या 'बी'खाली येऊन बसा. मी येते."

'हरवलात' हा शब्द कवायतीत नाही. तो माझा. लवकर चहाला सोडावं म्हणून घुसडलेला.

संध्याकाळ मस्त गेली. दिवे मागे पडले, फोनची रेंज गेली. अध्यक्षीणबाईंनी पहिल्यांदा खाऱ्या वाऱ्यात केस मोकळे सोडले आणि लगेच बांधले. जेवणं झाली, गाणी झाली.

रात्री १ वाजून २० मिनिटांनी खोलीतला फोन वाजला. मंडळातल्या एका काकाजींचे खोलीतले जोडीदार, शाळेपासूनचे मित्र. "बाई, हा आला नाही वं अजून. मी झोपलो होतो. पलंग तसाच आहे."

काकाजी ७४ वर्षांचे. गाण्यांतून सव्वाअकराला उठले ते मीच पाहिलं होतं. "झोप येऊन राहिली," म्हणाले होते. मी चपला घातल्या आणि सुटले. आधी आमच्या सगळ्या खोल्या, मग संडास, मग वरचा उघडा मजला. जमिनीवर माणूस हरवला की तो कुठंतरी असतो. जहाजावर मात्र एक शक्यता जास्तीची असते, आणि वर गेल्यावर मला तीच दिसायला लागली. कठडा माझ्या छातीपर्यंत होता. काकाजी माझ्यापेक्षा उंच. खाली काळं पाणी, त्यावर जहाजाच्या दिव्यांचा पट्टा, बाकी काहीच नाही. वारा इतका की मी हाक मारली ती मलाच नीट ऐकू आली नाही.

स्वागतकक्षात ड्युटीवर एक तरुण अधिकारी होती. तिनं शांतपणे प्रश्न विचारायला सुरुवात केली. कपडे कोणते? दारू? विसराळूपणा आहे का? अलीकडे घरात कोणी वारलं आहे का? या शेवटच्या प्रश्नाला माझी जीभ अडली. काकाजींच्या पत्नी दिवाळीत वारल्या होत्या. मंडळानं आग्रह करकरून काकाजींना आणलं होतं.

तिनं लिहून घेतलं. संगणकात दाराची नोंद पाहिली. त्यांच्या कार्डानं संध्याकाळी सातनंतर दार उघडलेलंच नव्हतं. "कॅमेरे बघायला सांगितलंय," ती म्हणाली. "पंधरा मिनिटांत नाही सापडले तर कॅप्टनला उठवावं लागेल. मग सगळीकडे घोषणा, आणि जहाज मागे वळेल."

मला नागपूर दिसायला लागलं. त्यांच्या मुलाचा नंबर माझ्या फोनमध्ये होता, आणि फोनला रेंज नव्हती. खरं सांगू? रेंज नाही म्हणून मला त्या क्षणी बरं वाटलं.

दोन वाजून गेल्यावर तिचा वॉकीटॉकी बोलला. तिनं मान वर केली. "पाचवा मजला. रेस्टॉरंट."

जेवणघर अकरालाच बंद होतं, पण दार लोटलेलं असतं. आत अंधार, फक्त हिरव्या पाटीचा उजेड. त्या पाटीखाली खुर्चीवर काकाजी ताठ बसलेले. मांडीवर पिशवी, गळ्यात कार्ड.

झालं असं होतं. लिफ्टमधून उतरताना त्यांची दिशा चुकली. जहाजाच्या दोन्ही अंगांना तंतोतंत सारखे बोळ, सारखी दारं, सारखा गालिचा. आमच्या जहाजावर एका अंगाला सम नंबर, दुसऱ्याला विषम. भलत्याच अंगाला त्यांनी तीन दारांना कार्ड लावून पाहिलं. खोलीचा नंबर विसरलेला, आणि कार्डावर तो छापत नाहीत, हरवलेलं कार्ड कोणाच्या हाती लागलं तर खोली कळू नये म्हणून. पण जमायच्या जागेचं अक्षर कार्डावर असतंच. एका सफाईवाल्या पोराला त्यांनी ते अक्षर दाखवलं. त्यानं बोट केलं. हे आले आणि बसले.

म्हणजे जवळजवळ तीन तास. मी अख्खं जहाज पालथं घातलं, फक्त जिथं 'मी येते' म्हटलं होतं तिथं सोडून.

माझे पाय थरथरत होते. रडू आणि राग दोन्ही एकदमच आले, आणि आधी राग बाहेर पडला. "काकाजी, कोणाला तरी सांगायचं ना!"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं उशिरा आलेल्या पोरीकडे मास्तर पाहतो.

"तूच तं सांगितलं होतं ना वं, हरवलं की इथं येऊन बसा, मी येते म्हणून. मी तं केव्हाचा येऊन बसलो आहो."

शेजारच्या खुर्चीवर त्यांचा रुमाल टाकलेला होता, एसटीत टाकतात तसा. त्यांनी तो उचलला, घडी करून खिशात ठेवला आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"बस. तुह्यीच जागा धरली होती."