सांबराचं मुंडकं सरकारजमा करताना

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या आमच्या घरी दिवाणखान्यात सांबराचं एक मुंडकं होतं. अप्पांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, १९५४ च्या जानेवारीत मावठ्याच्या पावसात मारलेलं. गेल्या वर्षी बाबा गेले आणि घराबरोबर ते मुंडकंही माझ्या आणि दादाच्या गळ्यात पडलं. ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी घरांत अशी शिंगं अजून भिंतींवर आहेत. त्यांचं करायचं काय, हा प्रश्न मालक वारला की उभा राहतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दादा पुण्याला असतो. त्याचं पहिलं वाक्य, "मी घेऊन जातो, हॉलमध्ये मस्त दिसेल." मागून वहिनीचं "मुळीच नाही" मला फोनवर स्वच्छ ऐकू आलं. एका चुलतभावाने सुचवलं, फोटो टाक, जुन्या वस्तू घेणारे चांगले पैसे देतात. हा सल्ला देणाऱ्याला घरात बसवून आधी कायदा वाचून दाखवावा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे वन खात्याचा मालकीचा दाखला हातात असला तरी शिंगं विकता येत नाहीत, विकायला काढतासुद्धा येत नाहीत. परराज्यात न्यायची तर वन खात्याला कळवावं लागतं. आणि वारसाहक्काने आली असतील तर नव्वद दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव अभिरक्षकांकडे तसं लेखी जाहीर करावं लागतं. हे नव्वद दिवस तेरावा, बँका आणि पेन्शनचे कागद यांत कसे निघून जातात ते ज्याच्या घरी झालंय त्यालाच कळेल.

मला ते ठेवायचं नव्हतंच. तत्त्वाबित्त्वाचा प्रश्न नंतर, आधी वास. आमच्याकडे मे-जूनमध्ये गरम वाऱ्याची लू चालते तेव्हा कातडं आकसतं, जुलैत दमट हवा लागली की फुगतं. सत्तर वर्षं हेच चालू असल्यामुळे कानामागची शिवण उसवली होती आणि आतला भुसा डोकावत होता. पावसाळ्यात नाकाच्या टोकावर पांढरी बुरशी धरायची. गालावरचे केस किड्यांनी खाऊन तिथे टक्कल पडलं होतं. काचेचा एक डोळा तेवढा शाबूत, लखलखीत. आत्या दर दसऱ्याला त्याला ओल्या फडक्याने पुसून झेंडूची माळ घालायची, अगदी हात फिरवून. वकिली करणाऱ्या माझ्या मावसभावाने हे ऐकलं आणि म्हणाला, आधी हातमोजे आणि मास्क आण. जुन्या काळी अशी कातडी टिकवायला सोमलाचा, म्हणजे आर्सेनिकचा, साबण चोळत. किडे सोमलाला फारसे भ्यालेले दिसत नव्हते, पण आपण भ्यावं. आत्याचं यावर उत्तर तयार होतं : "मी चौऱ्याऐंशीची आहे, मला काय झालंय?"

हा मावसभाऊ नसता तर मी बरीच भटकले असते. त्याने सांगितलं, २०२२ च्या दुरुस्तीने कायद्यात ४२ अ हे कलम आलं आणि १ एप्रिल २०२३ पासून ते लागू आहे. ज्याच्याकडे मालकीचा दाखला आहे आणि ज्याला वस्तू नको आहे, त्याने कामकाजाच्या सात दिवसांची नोटीस देऊन ती स्वखुशीने सरकारकडे सोपवावी. मोबदला छदामही मिळत नाही. वस्तू राज्य सरकारच्या मालकीची होते आणि दाखला रद्द होतो. म्हणजे आम्हाला दोन कागद करायचे होते, आधी वारसाचं निवेदन आणि मग सुपूर्द करण्याची नोटीस. दोन्ही भोपाळच्या मुख्य वन्यजीव अभिरक्षकांच्या नावे, पण इथल्या वनमंडल अधिकाऱ्यांमार्फत.

सगळं अडलं होतं दाखल्यावर. बाबांनी सत्तरच्या दशकात तो काढला होता हे मला ठाऊक होतं, कारण ते अभिमानाने सांगायचे. कुठे ठेवला हे त्यांनी कधी सांगितलं नाही. तो सापडला अप्पांच्या लोखंडी पेटीत, वीजबिलांच्या गठ्ठ्याखाली, आणि त्याच्याच खाली अप्पांची शिकारीची वही.

वही मी त्या रात्री वाचून काढली. अप्पा ग्वाल्हेर संस्थानच्या महसूल खात्यात होते, पुढे मध्यभारत राज्यात. दौऱ्यावर पनिहार, घाटीगाव, मोहना, म्हणजे शिवपुरीच्या रस्त्यावरचं सगळं जंगल त्यांच्या पायाखालचं. परवान्यावर शिकार तेव्हा सर्रास चाले. वहीत फुशारकी फार थोडी आहे, हवामान भरपूर आहे. पावसातल्या शिकारीवर तर पानंच्या पानं. त्या वेळची बारा बोअरच्या बंदुकीची काडतुसं कागदी असायची. ओल लागली की फुगत आणि नळीत शिरतच नसत. शिरली तर उडवल्यावर रिकामी निघत नसत. म्हणून अप्पा ती बिस्किटांच्या डब्यात, भाजलेल्या मिठाच्या पुरचुंडीबरोबर ठेवत. नळ्यांच्या तोंडाला मेणकापड बांधायचं, घरी आल्यावर नळ्यांतून कढत पाणी ओतायचं, पुसून तेल द्यायचं आणि मगच स्वतः जेवायचं.

एक उतारा तसाच्या तसा देते : "पाऊस उघडल्यावर सांबर दाट झाडींत रहात नाहीं. पानांवरून थेंब गळतात तें त्यास सोसत नाहीं, शिवाय त्या आवाजांत त्यास दुसरें कांहीं ऐकूं येत नाहीं. उघड्यावर येऊन उभें रहातें व अंग झाडतें. पाऊस चालू असतां हिंडण्यांत अर्थ नाहीं. थांबण्याची वाट पहावी."

खुरांबद्दलही लिहिलंय. चिखलातल्या ठशाच्या आत पावसाच्या थेंबांचे बारीक खळगे असतील तर जनावर पाऊस चालू असताना किंवा त्याच्या आधी गेलं. ठसा आतून गुळगुळीत आणि कडा धारदार असतील तर पाऊस थांबल्यावर गेलं, म्हणजे फार लांब नसणार. मी ती पानं वाचताना मधेच उठून अंगणात गेले. आमच्या अंगणात सांबर कुठलं, मांजराचे ठसे होते. पण नियम तंतोतंत.

भिंतीवरचं सांबर मात्र अप्पांच्या हातून नीट मेलं नव्हतं. उघडीप मिळाली, जनावर नाल्याच्या काठी उभं राहिलं, गोळी लागली, ते पळालं आणि पाच मिनिटांत पुन्हा सर आली. रक्ताचा माग धुऊन गेला. कंदील घेऊन रात्रभर शोधलं. सकाळी कावळ्यांनी जागा दाखवली. त्या तारखेखाली एकच ओळ आहे : "पावसांत बार टाकणें तर अगदी जवळून, नाहीं तर मुळींच नाहीं." त्यानंतर वहीत पावसातल्या शिकारीची एकही नोंद नाही. बाबा ही गोष्ट सांगताना कावळे आणि कंदील गाळायचे.

वकील भावाने वहीतल्या त्या पानाची झेरॉक्स अर्जाला लावायला सांगितली. दाखला हा मुख्य पुरावा, पण वस्तू कायद्याच्या आधीची आहे हे दाखवणारं जे जे असेल ते लावावं, असं त्याचं म्हणणं. बाबांचा मृत्यूचा दाखला, वारसांचं शपथपत्र, दादाचं नाहरकत पत्र, चारही बाजूंनी फोटो. अर्ज हिंदीत.

खरी पंचाईत पुढे झाली. दाखल्यावर लिहिलं होतं "सांभर का सिर, सींग सहित, एक नग." घरात मात्र आणखी दोन वस्तू होत्या. एक, मागच्या दारापाशी खुंटीसारखं ठोकलेलं सुटं शिंग, ज्यावर आम्ही लहानपणापासून छत्र्या अडकवत आलो. दुसरी, आत्याची काठी. तिची मूठ सांबरशिंगाची. सुट्या शिंगाचं बूड पाहिलं तर तिथे कवटीचं हाड नव्हतं, खडबडीत कडं होतं आणि खाली गोलसर, दाणेदार भाग. म्हणजे ते आपोआप गळलेलं. सांबर दरवर्षी शिंगं टाकतं आणि पावसाळ्यात त्याला मखमली सालीची नवी फुटतात. कुणीतरी जंगलातून उचलून आणलं असणार. मला वाटलं होतं, न मारता मिळालेल्याला कोण विचारतो. भाऊ म्हणाला, कायदा विचारतो. गळलेलं असलं तरी ते शिंगच, आणि दाखल्याशिवाय जवळ ठेवणं गुन्हा.

दादाचा सल्ला होता, खुंटी गुपचूप टाकून दे आणि काठीचं कुणाला कळतंय. भावाने ठाम नकार दिला. जे आहे ते सगळं स्वतःहून लिहून द्यायचं, कुणाची, कधीपासूनची, कागद का नाही, तेही. मला ते पटलं. कचऱ्यात शिंग सापडलं तर ते कुठल्या घरातलं हे आमच्या गल्लीत शोधायला पोलीस लागणार नाहीत. पण हे प्रत्येकाने आपल्या वकिलाला विचारून करावं, कारण दाखला नसलेल्या वस्तूला ४२ अ ची थेट सोय नाही आणि पुढे काय करायचं ते अधिकारी ठरवतात. आमच्याकडे वेगळा पंचनामा झाला, आत्याचा आणि माझा जबाब घेतला, दोन्ही वस्तू ताब्यात घेतल्या. कारवाई काही झाली नाही.

मुंडकं न्यायला वनपाल आणि दोन वनरक्षक आले त्या दिवशी सकाळपासून पाऊस कोसळत होता. त्यांनी आधी मोजमाप घेतलं. दाखल्यावर उजवं शिंग ३६ इंच, त्यांच्या टेपवर आलं ३१. सगळ्यांचे चेहरे बदलले. इंच दीड इंचाचा फरक ठीक, पाच इंच म्हणजे शिंगच दुसरं असा अर्थ होतो. मग त्यांतल्या वयस्कर वनरक्षकाने लोखंडी टेप बाजूला ठेवला, आत्याकडे शिंप्याचा टेप मागितला आणि बुडाच्या कड्यापासून बाहेरच्या वळणाला चिकटवत टोकापर्यंत नेला. ३६ ला पाव कमी. शिंग सरळ रेषेत मोजायचं नसतं. मुंडक्याची फळी उलटी केली तर मागे दाखल्यावरचाच क्रमांक ठोकलेला सापडला, आणि सगळे बेडई खायला बसले.

वनपालांनी वही मागून घेतली आणि ती पानं उभ्या उभ्या वाचली. त्यांना मराठी येत नव्हतं, पण देवनागरी असल्याने अर्धंअधिक कळलं. बाकीचं मी हिंदीत सांगितलं. ठशांतल्या खळग्यांचं वाचून ते म्हणाले, गस्तीवर आम्ही आजही हेच बघतो, फक्त आता जनावरामागे नाही, माणसामागे. पावसाळ्यात फासे लावणारे जास्त फिरतात, बुटाचा ठसा पावसाआधीचा की नंतरचा यावरून ते अजून आत आहेत की गेले ते ठरतं. मग मुंडकं ताडपत्रीत गुंडाळून जीपमध्ये गेलं. शिंगं मागच्या दारातून बाहेर येत होती, त्यांना लाल फडकं बांधलं.

दाखला रद्द झाल्याचं पत्र काही आठवड्यांनी आलं. पंचनाम्याची प्रत, पावती आणि ते पत्र एकाच फाइलमध्ये ठेवलंय, आणि फाइल कुठे आहे ते दादाला, भावाला, आत्याला, सगळ्यांना सांगून ठेवलंय. आत्याला अॅल्युमिनियमची काठी आणली. मूठ हाताला थंड लागते अशी तिची तक्रार आहे, म्हणून तिने तिला लोकरीचं टोपरं विणलंय.

वहीवरून मात्र आमचं अजून ठरलेलं नाही. दादा म्हणतो ती पुण्याला हवी, आणि या वेळी वहिनी त्याच्या बाजूने आहे. वहीवर कुठलंच कलम लागत नाही, त्यामुळे सध्या एकेक पान स्कॅन करतेय.