तुटका श

इंदुरात एका कचेरीच्या आवाराबाहेर माझं टायपिंगचं टेबल आहे. एकोणतीस वर्षं झाली. आधी रेमिंग्टन होतं, आता कॉम्प्युटर आहे, पण बोटांना फरक पडला नाही, कारण कृतिदेव फॉन्टची बटणं जुन्या हिंदी टाइपरायटरवरूनच घेतलेली. त्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. आमच्याकडे 'श'साठी वेगळी कळ नाही. आधी अर्धा श् मारायचा, मग काना. 'श्र' मात्र अख्खा एका कळीवर बसलेला.

मे महिन्यात एक काकू आल्या. चौऱ्याऐंशीच्या, रामबागेतल्या. सोबत नातू, तो मोबाइलमध्ये. काकूंचे यजमान मिसाबंदी, म्हणजे आणीबाणीत मिसा कायद्याखाली विनाचौकशी डांबलेले, एकोणीस महिने आत होते. आपल्या मध्य प्रदेशात मिसाबंदींना सम्मान निधी मिळतो, 2008मध्ये जयप्रकाश नारायणांच्या नावानं सुरू झालेला, आणि माणूस गेला की बायको अर्ज करते. मृत्यूचा दाखला, जेलचं प्रमाणपत्र, शपथपत्र. असली शपथपत्रं मी झोपेतही टाइप करीन. फाइल तयारच असते, नाव नि तारखा बदलायच्या. (शेजारच्या टेबलावरचे भाऊ तेवढंही करत नाहीत. एका विधवेच्या शपथपत्रात त्यांनी 'मेरी पत्नी' तसंच ठेवलं होतं आणि नोटरीनं त्यावर न वाचता शिक्का मारला.)

काकूंनी पिशवीतून दोन जुने कागद काढले. म्हणाल्या, "अगं, हेही लाव."

एक होता कलेक्टरांच्या नावचा पॅरोलचा अर्ज, 1976चा. सासूबाई आजारी, चार दिवस सोडावं. दुसरा सायक्लोस्टाइल केलेलं पत्रक. कडांना शाईचं तेल पसरून पिवळं पडलेलं. 28 एप्रिल 1976चा सुप्रीम कोर्टाचा निकाल त्यात साध्या हिंदीत उतरवला होता. असं डांबलेल्याला कोर्टात दाद मागता येणार नाही, असं चार न्यायाधीशांनी म्हटलं आणि एकट्या हंसराज खन्नांनी नाही म्हटलं. नऊ हायकोर्टांनी आधी बंदींच्या बाजूनं कौल दिला होता, हेही होतं. प्रकरण आपल्या जबलपूरचंच. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसलेला असताना हे कुणीतरी बसून टाइप केलं होतं.

मी मजकूर वाचतच नव्हते खरं तर. माझी नजर अक्षरांवर जाते, खोड आहे. 'न्यायाधीश', 'देश', 'शासन', प्रत्येक श वरून फुटलेला. अर्ध्या श्चा वरचा वेटोळा झिजून गेलेला, नुसती शेपटी उरलेली. आणि अर्जात? 'श्रीमान' स्वच्छ. पण 'प्रशासन', 'आदेश', 'शीघ्र' यांतला अर्धा श् निळ्या शाईनं हातानं काढलेला, कान्याला अगदी चिकटवून. सात ठिकाणी.

मी मान वर केली. "काकू, दोन्ही एकाच मशीनवरचे आहेत."

त्या हसल्या. "पन्नास वर्षांत तू पहिली."

मशीन त्यांचंच. घरी त्या मुलींना हिंदी टायपिंग शिकवायच्या, त्यामुळे दुपारभर खडखडाट चालला तरी वाड्यात कुणाला नवल नव्हतं. दोन मशीनं होती. यजमानांना नेल्यावर चांगलं मशीन विकून घर चालवलं, उरलं ते फुटक्या श्चं.

सायक्लोस्टाइलसाठी मेणकागदाची स्टेन्सिल कापणं मी स्वतः शिकले आहे, म्हणून सांगते, ते साधं टायपिंग नव्हे. रिबनचा खटका पांढऱ्यावर करायचा, म्हणजे अक्षर थेट मेणकागदावर आदळतं. आधी प्रत्येक अक्षर पेट्रोल आणि टाचणीनं कोरून साफ करायचं. जोर कमी पडला तर छपाई फिकी, जास्त पडला तर 'ठ'चं पोट गळून भोक पडतं. चूक झाली की गुलाबी औषध लावून फुंकर मारायची, वाळू द्यायचं, मग त्याच जागी पुन्हा. आणि स्टेन्सिल दुमडता येत नाही, घडीवर मेण तडकतं.

"मग न्यायच्या कशा?" मी विचारलं.

"साडीत. पुठ्ठ्याला लावून घडीच्या आत. दर आठवड्याला एक साडी फॉल-बिडिंगला जायची. पोलीस बाईच्या साडीची घडी मोडत नाहीत गं."

पुढं छापायचं कोण, कुठं, हे त्यांना माहीत नव्हतं. विचारायचं नाही असंच ठरलेलं. पोलीस तीनदा घरी आले. दारात उभं राहून दर वेळी एकच प्रश्न, "साहब का कोई सामान, कोई चिट्ठी?" काकू चहा विचारायच्या. टाइपरायटर ओसरीवरच, त्यावर झाकण, झाकणावर वाळत घातलेला रुमाल.

"राजमाता विजयाराजे तिहारमध्ये होत्या, मृणालताई गोरे भूमिगत राहून शेवटी पकडल्या गेल्या, त्यांची नावं सगळ्यांना ठाऊक," काकू म्हणाल्या. "हुकूम काढणारीही बाईच होती. पण आमच्या दारात आलेल्यांना टाइप करणारी बाई दिसलीच नाही. बरंच झालं म्हणा."

"अर्ज हातानं का नाही लिहिला सगळा?"

"हातानं लिहिलेलं साहेब वाचत नाहीत. तेवढा श् गाळला, नंतर भरला. गरीब बाईचं मोडकं मशीन वाटलं असेल त्यांना."

मग त्यांनी मुद्द्याचं सांगितलं. शपथपत्रात एक ओळ घाल. मी घातली, सातवा मुद्दा: 'यह कि आपातकाल की अवधि में शपथग्रहिता स्वयं पत्रकों का टंकण करती थी।' टाइप करताना मला कारण नसताना ताठ बसावंसं वाटलं. टायपिस्टचं नाव कुठल्याच कागदावर नसतं, आमचंही नाही.

अर्ध्या तासात कागद परत. आतल्या बाबूनं सातव्या मुद्द्यावर लाल गोल केला होता. "माताजी जेल गई थीं? नहीं ना? जितना पूछा है उतना लिखवाओ, नहीं तो फाइल अटकेगी।" खोटं बोलत नव्हता, खिडकीवरच्या माणसाला चौकटीपलीकडे हातपाय नसतात. तरी मला त्याचा राग आला, आणि अजून जात नाही.

काकू भांडल्या नाहीत. नातू म्हणाला, "आजी, पैसे महत्त्वाचे, काढून टाक." माझ्याकडे बघून काकू म्हणाल्या, "काढ." मी काढलं. वर व्यवसायापुढं 'गृहिणी' होतंच. त्या प्रिंट नाकाजवळ धरून वाचत होत्या, जुन्या सवयीनं. दुसऱ्या पानावर 'शीघ्र'चा दीर्घ चुकलेला त्यांनीच दाखवला.

वाया गेलेल्या स्टॅम्पचे पैसे मी घेतले नाहीत. एवढ्यानं काही होत नाही, हे मलाही कळतं. मी तेव्हाच तो श बाबूला दाखवायला हवा होता, तो अर्ज आणि ते पत्रक शेजारी शेजारी धरून. दोन कागदांवरचा एकच तुटका श. अर्थात तो काय म्हणाला असता, तेही ठाऊक आहे. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगानं मोजलं तेव्हा मिसाखाली 34,988 आणि भारत संरक्षण नियमांखाली 75,818 माणसं आत गेलेली निघाली. काकूंचे यजमान त्यांत आहेत. काकू पकडल्या गेल्या नाहीत, म्हणून कशातच नाहीत.

आमचा धंदा जुन्या फाइलीवर नवं नाव चढवण्याचा. गेल्या गुरुवारी आणखी एक मिसाबंदीची विधवा आली, सोबत भाचा. मी घाईत फाइल उघडली ती काकूंची पहिली, सातवा मुद्दा असलेली. पडद्याकडे बघत मी सहज विचारलं, "तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

भाच्यानं उत्तर दिलं, "मावशी? मावशी घरीच असायची."

मावशी माझ्या बोटांकडे बघत होत्या. मागं रांग होती. मी ओळ निवडली आणि डिलीट दाबलं.