किनाऱ्यावर बालवाडी काढायचीय? आधी भरतीची वेळ विचारा

प्रश्न बहुधा असा येतो: "आमच्या किनाऱ्यावरच्या गावात लहान मुलांसाठी बालवाडी काढायची आहे. जागा मिळाली आहे, देणगीदारही आहेत. खोली केवढी बांधायची?" विचारणारी माणसं मनापासून विचारतात, म्हणून खोलीवर बोलायचं मी टाळत नाही. फक्त त्याआधी एक उलट प्रश्न करतो. तुमच्या कोळीवाड्यातल्या मुलांच्या आया घरातून किती वाजता बाहेर पडतात? बहुतेकांना हे सांगता येत नाही. गावात राहणाऱ्यांनाही नाही.

डोल जाळ्याची, म्हणजे समुद्रात बांधून ठेवलेल्या पिशवीसारख्या जाळ्याची, मासेमारी भरती-ओहोटीच्या प्रवाहावर चालते आणि प्रवाह घड्याळाला विचारत नाही. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा हिशेब मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्यावर जुन्या माणसांना तोंडपाठ असतो: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. होड्या परतण्याची वेळही त्यासोबत सरकते आणि बंदरावर मासळी निवडायला, विकायला गेलेल्या बाईचा दिवसही. बालवाडी मात्र रोज दहा ते एक. पौर्णिमेच्या सुमाराला ती आईच्या सोयीची असेल, तर आठवड्याभराने अजिबात नसते. मग नोंदवहीत "पालकांना शिक्षणाचं महत्त्व नाही" असा शेरा पडतो. हा शेरा मी इतक्यांदा वाचलाय की आता राग येतो. आईला महत्त्व पुरेपूर कळतं, तिला त्या वेळी मूल आणून सोडायला कोणी नसतं.

उपाय फार अवघड नाही. भिंतीवर कालनिर्णय टांगा आणि पंधरवड्याच्या सुरुवातीला वाड्यातल्या बायकांसोबत बसून सकाळची पाळी कोणत्या दिवशी, दुपारची कोणत्या दिवशी हे ठरवा. पंधरवड्यात फेरा पुन्हा तिथेच येतो, म्हणून वेळापत्रक वाटतं तितकं विस्कळीत होत नाही. हे सगळं डोल जाळ्याच्या गावाचं झालं. गाव मिठागराचं किंवा भातशेतीचं असेल तर हिशेब वेगळा. वीटभट्टीवर जाणाऱ्यांच्या पाड्यात दिवाळीनंतर मुलंच नसतात, तिथे भट्टीपर्यंत जावं लागतं.

हे काही माझं डोकं नाही. ताराबाई मोडक १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीला आल्या तेव्हा त्यांच्या गाठीला भावनगरच्या बालमंदिराचा अनुभव होता, गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर १९२६ मध्ये उभा केलेला नूतन बालशिक्षण संघ होता, दादरचं शिशुविहार होतं. बालशिक्षणात त्यांच्याहून जाणकार माणूस तेव्हा महाराष्ट्रात शोधून सापडला नसता. तरी बोर्डीतल्या दलित वस्तीची आणि आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीपर्यंत आली नाहीत. तेव्हा ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ मुलांच्या अंगणातच जाऊन बसल्या. माँटेसरीच्या महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं आली. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, तिथे गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. गुरं सोडून मूल शाळेत येत नाही, तर शाळा कुरणात. किनाऱ्यावर अंतर फारसं आड येत नाही, वेळ आड येते. एवढाच काय तो फरक.

"पण सरकारी अंगणवाडी आहे की!" आहेच. एकात्मिक बालविकास सेवा योजना १९७५ पासून चालू आहे, आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला पूरक आहार देणं तिचं काम आहे. तुमच्या गावात ती चालत असेल तर शेजारी दुसरं दुकान मांडू नका. सेविकाताईंना आधी भेटा. रजिस्टरं, वजनं, लसीकरण, सर्वेक्षणं सांभाळून त्यांच्याकडे मुलांशी खेळायला किती वेळ उरतो ते बघा आणि तो वेळ वाढवायला मदत करा. वेगळी बालवाडी लागते ती खाडीपलीकडच्या चाळीस घरांना. केंद्रासाठी साधारण ४०० ते ८०० लोकसंख्येचा निकष, छोट्या केंद्रासाठी १५० ते ४००. त्यातही न बसणारी वाडी कागदावर शेजारच्या केंद्राला जोडली जाते आणि होडीशिवाय तिथे पोचता येत नाही.

शिकवणारी बाई वाड्यातलीच हवी. यावर मी तडजोड करत नाही. दहावी झालेली सून मिळाली तर उत्तम, आठवी झालेली असली तरी चालेल. तिला मुलांची घरातली बोली येते, आणि कोणाची आई आज बाजारात बसली आहे हेही ठाऊक असतं. शहरातून आणलेली प्रशिक्षित शिक्षिका पहिल्या पावसाळ्यानंतर टिकत नाही. प्रशिक्षण नंतर देता येतं.

शिकवायचं काय, यावर पालकांशी तुमची खडाजंगी होणार. त्यांना एबीसीडी हवी असते, गृहपाठ हवा असतो, कारण तालुक्याच्या इंग्रजी नर्सरीची व्हॅन त्यांच्या दारावरून जाते. व्याख्यान देऊ नका, त्यांना आत येऊन बसू द्या. चार वर्षांची पोर टोपलीतून मांदेली वेगळी, कोळंबी वेगळी, जवळा वेगळा करते, कशाचा ढीग मोठा ते सांगते. तिची आजी हे पाहून एकदा म्हणाली, "हे तर आमीच शिकवलंय." बरोबर आहे. वर्गीकरण आणि मोजणी तिथूनच सुरू होते, हे आजीने म्हटल्यावर आईला पटतं, मी म्हटल्यावर नाही.

आता पैसे. शाळा जूनमध्ये सुरू होतात आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. म्हणजे ज्या महिन्यात तुम्ही वर्गणी मागता, त्याच महिन्यात घरात रोकड नसते. वर्गणी नारळी पौर्णिमेनंतर मागा, होड्या लागल्या की मिळते. जून-जुलैत पैशांऐवजी माणसं मागा. बाप्ये घरी असतात, जाळी दुरुस्त करत बसलेले असतात. छप्पर शाकारणं, पाण्याच्या पिंपाला झाकण, समुद्राच्या बाजूला कुंपण ही कामं तेव्हा होतात. कुंपण विसरू नका. मच्छीमार सोसायटीचं सभागृह तेव्हा बऱ्यापैकी मोकळं असतं, तेही विचारून ठेवा. ज्या बापाने स्वतः छप्पर शाकारलं, तो पुढे वर्षभर पोरगं आणून सोडतो, असा माझा अनुभव आहे.

राहिली खोली. पहिलं वर्षभर देवळाची ओसरी किंवा कोणाचा पडवीचा भाग पुरतो. बांधायचीच झाली तर मुख्य खोलीइतकंच लक्ष शेजारच्या छोट्या खोलीकडे द्या, तीन वर्षांखालच्या बाळांसाठी. कोसबाडला विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात होती, त्याचं कारण साधं होतं: थोरल्या बहिणीच्या कडेवरचं बाळ कोणीतरी घेतल्याशिवाय ती शाळेत बसू शकत नाही. तेव्हा नकाशा जरूर पाठवा, मी बघेन. सोबत एवढं मोजून कळवा, की तुमच्या वाड्यात दहा वर्षांखालच्या किती मुली दिवसभर धाकट्या भावंडाला घेऊन फिरतात. छोट्या खोलीचं माप त्यावरून ठरवू.