तुम्ही विचारलंत म्हणून : मंगळाच्या फोटोतले सांधे

मंगळाचा पॅनोरमा, म्हणजे चहूबाजूंचा एकसंध फोटो, बघितला की हमखास विचारलं जातं, "हा तर तुकडे जोडून केलाय, रोव्हरची कड मध्येच तुटलेली दिसते. मग खरा कसा?" तुकडे जोडलेत हे खरंच. कड का तुटते ते सांगतो.

मंगळावरच्या नासाच्या क्युरिऑसिटी रोव्हरच्या मास्टवर, म्हणजे साधारण दोन मीटर उंचीच्या खांबावर, मास्टकॅम या कॅमेऱ्याचे दोन डोळे आहेत. डाव्याची लेन्स 34 मिमीची, उजव्याची 100 मिमीची, म्हणजे जास्त लांबचं जवळ आणणारी. उजवा एक किलोमीटरवरचं साडेसात सेंटिमीटर एका पिक्सेलमध्ये टिपतो, पण एका फोटोत त्याला जेमतेम सहा-सात अंश दिसतात. शेजारच्या फोटोंत थोडा भाग सामाईक ठेवायचा, तर एका फेरीलाच साठाच्या वर फोटो लागतात. अशा फेऱ्या खाली-वर अनेक. 2019च्या नोव्हेंबरअखेरीस मंगळावरच्या गेल विवरात काढलेला 1.8 अब्ज पिक्सेलचा पॅनोरमा असाच हजाराहून जास्त फोटोंचा आहे. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगची सुट्टी होती, रोव्हर जागचा हलणार नव्हता, म्हणून तो जमला.

फोटो काढायला एकूण साडेसहा तास लागले, पण ते चार दिवसांत वाटून आणि फक्त मंगळावरच्या दुपारी बारा ते दोनमध्ये. सलग काढले असते तर सावल्या फिरल्या असत्या आणि एकाच टेकडीच्या दोन तुकड्यांवर वेगवेगळं ऊन दिसलं असतं.

आता तुटलेली कड. दोन डोळ्यांत 24.5 सेंटिमीटर अंतर आहे. मान वळते ती खांबाच्या अक्षावर, त्यामुळे प्रत्येक डोळा वळताना थोडा सरकतोही. एक बोट डोळ्यांसमोर धरून आळीपाळीने एकेक डोळा मिटा. बोट उडी मारतं, समोरची भिंत जागच्या जागी राहते. इथेही तेच. दूरचा डोंगर बिनबोभाट जुळतो, दीड-दोन मीटरवरचा रोव्हरचा डेक, म्हणजे त्याची सपाट पाठ, जुळत नाही. त्याच वेळी 34 मिमीने काढलेल्या सुमारे 65 कोटी पिक्सेलच्या पॅनोरमात डेक आणि रोव्हरचा यांत्रिक हात आहेत, असे सांधे शोधायचे तर तिथे शोधा. माझ्या मते ते घासूनपुसून न लपवणंच बरं.

रंगाचं थोडक्यात: बरेच पॅनोरमा पृथ्वीवरच्या उजेडात दगड जसे दिसतील तसे सुधारून देतात, म्हणजे भूवैज्ञानिकांना ओळखीचे वाटतात. आकाश निळसर वाटतं ते त्यामुळे.

स्वतः जोडून बघणार असाल, तर मूळ फोटो नासाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. नावातले पहिले चार आकडे म्हणजे सोल, मंगळावरचा कितवा दिवस ते. पुढे एमएल म्हणजे डावा डोळा, एमआर म्हणजे उजवा. दोघांची भेसळ करू नका. जोडणारं सॉफ्टवेअर वाळूच्या एकसारख्या लाटांवर फसतं, एका लाटेला पलीकडची लाट समजून बसतं. जुळणीसाठी त्याने तिथे लावलेले बिंदू पुसा आणि टोकदार दगडांवर हाताने लावा. डेकवर एकही बिंदू ठेवू नका, नाहीतर तो जुळवण्याच्या नादात क्षितिज वाकडं होतं.