भूगोलाच्या वहीतले खलाशी

स्नेहसंमेलनं, सहली आणि गणिताच्या सरांची छडी यांवर आपल्या शाळेच्या या स्मरणिकेत बाकीचे माजी विद्यार्थी लिहितीलच. मला २६ नोव्हेंबर २००८ नंतरच्या दिवसांबद्दल लिहायचंय. मी तेव्हा आठवीत होते. हल्ला मुंबईवर झाला आणि इकडे कोकणात, हर्णै बंदरावर आपल्या शाळेच्या व्हरांड्याची बघता बघता कचेरी झाली, त्याची ही हकीकत.

त्या बुधवारी रात्री आमच्याकडे भारनियमन होतं. टीव्ही बंद. ज्यांच्याकडे मोबाइल होते त्यांना आधी कळलं, मग दारोदार बातमी फिरली. व्हीटीला गोळीबार झालाय, एवढंच. कोकणातल्या घरात व्हीटी म्हटलं की बाहेरगावच्या गाड्यांचा तो हॉल डोळ्यांपुढे येतो. फरशीवर पेपर अंथरून बसलेली माणसं, उशाला पिशव्या, पोरं आडवीतिडवी झोपलेली. नेमक्या तिथेच, गाडीची वाट बघत बसलेल्यांवर गोळ्या झाडल्या. स्टेशनात पन्नासहून जास्त माणसं गेली. उद्घोषक विष्णू झेंडे आपली जागा न सोडता माइकवरून लोकांना बाहेर पडायची वाट सांगत राहिले, म्हणून कितीतरी वाचले. माझा मामा त्या रात्री कोकणकन्येने निघणार होता. आईने रात्रभर दिवा मालवला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा भरली. प्रार्थनेनंतर मुख्याध्यापकांनी ऑफिसचा फोन मुलांसाठी मोकळा केला. मुंबईत ज्याचं कुणी असेल त्याने यावं, नंबर सांगावा, सर स्वतः लावून देत. लाइन लागता लागत नव्हती. आमच्या वर्गातून रांगेत न गेलेलं पोर शोधावं लागलं असतं. मामा लोकलमध्येच भायखळ्याला अडकला होता, व्हीटीला पोचलाच नाही, हे मला त्या काळ्या रिसीव्हरवर कळलं. मी घरी धावत जाऊन सांगून आले. परत येते तो बीजगणिताचा तास चालूच होता. सुट्टी काही दिली नाही.

शनिवारी ताजमधली चकमक संपली. १६६ माणसं गेली होती. बंदरावर मात्र सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होतं, ‘कुबेर’. कराचीहून निघालेल्या त्या दहा जणांनी पोरबंदरची ही मासेमारी बोट भर समुद्रात पकडली. तांडेलाकडून, म्हणजे बोट चालवणाऱ्या मुख्य खलाशाकडून, मुंबईपर्यंत बोट हाकून घेतली आणि मग त्यालाही मारलं. बाकीचे चार खलाशी त्याआधीच मारले होते. टीव्हीवर या पाच जणांचा उल्लेख येई आणि पुढे जाई. आमच्याकडे मासळीच्या लिलावात पाटी पुढे सरकवतानाही बायका त्यांच्याबद्दलच बोलायच्या. तांडेलाच्या जागी प्रत्येकीला आपला नवरा दिसत असणार. कुलाब्याच्या मच्छीमार नगरात रबरी होडीतून उतरलेल्यांना हटकलं तेही तिथल्या कोळ्यांनीच, हे कळल्यावर सगळ्यांना जरा बरं वाटलं.

बाबांची बोट त्या दिवसांत बाहेर होती. परत आले ते वैतागूनच. वाटेत बोट अडवून पार बर्फाच्या खणापर्यंत तपासली होती. म्हाताऱ्यांना यात नवल वाटलं नाही. १९९३च्या स्फोटांसाठीचं आरडीएक्स बाणकोटच्या खाडीपलीकडे, श्रीवर्धन तालुक्यात शेखाडीला उतरलं होतं. त्यानंतर कित्येक दिवस किनाऱ्यावरच्या माणसाकडे लोक कसे बघायचे, ते त्यांनी भोगलेलं होतं. दर्यावरून कोण आलं, याचा जाब दर्यावर जाणाऱ्यालाच द्यावा लागतो. आणि खरं सांगायचं तर मोहल्ल्यातल्या पोरांना नाक्यावर आमच्यापेक्षा दोन प्रश्न जास्तच विचारले जात. बोटीवर दोन्हीकडचे खलाशी एकाच तोपातलं जेवायचे, त्याचं नाक्यावर कुणाला काय!

मग कागद सुरू झाले. बोटीचे कागद, मालकाचे कागद, प्रत्येक खलाशाचा फोटो आणि पत्ता, बंदरातून सुटताना कोण कोण जातंय त्याची यादी. कामाला आलेले नेपाळी होते, उत्तर प्रदेशचे होते. त्यांच्या गावांची नावं लिहायची कशी, इथपासून अडचण. नाखवे, म्हणजे बोटवाली मंडळी, जाळं नुसतं चाचपून कुठे फाटलंय ते सांगतील, पण फॉर्म समोर आला की चष्मा घरी राहिलेला असायचा.

हे आमच्या मराठीच्या बाईंच्या लक्षात आलं. पुस्तकात अर्जलेखनाचा भाग होता, ग्रंथपालांस अर्ज, शेतकी अधिकाऱ्यांस अर्ज वगैरे. बाई म्हणाल्या, ते राहू दे, उद्या प्रत्येकाने घरातला खरा फॉर्म घेऊन या. तिथून व्हरांड्यातली कचेरी सुरू झाली. बोटी लागल्यावर, लिलाव आटोपला की माणसं यायची. अंगाला मासळीचा वास, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं रेशनकार्ड. आम्ही खाली बसून लिहायचो, बाई मागून फिरत ऱ्हस्व-दीर्घ बघायच्या. ‘रत्नागिरी’तली पहिली वेलांटी दीर्घ काढली म्हणून एका नाखव्याचा अख्खा फॉर्म त्यांनी परत लिहायला लावला. तो बिचारा म्हणत होता, बाई, चालेल हो. बाईंना चालत नव्हतं.

फोटोची गंमत वेगळीच. खलाशांकडे कॉलरचा धड शर्ट नसे. पी.टी.च्या सरांनी आपला एक आकाशी शर्ट व्हरांड्यातल्या खिळ्याला टांगून ठेवला. तो घालायचा, फोटो काढून यायचं, परत टांगायचा. त्या वर्षीच्या निम्म्या ओळखपत्रांवर तोच शर्ट असेल. कुणाला गळ्याशी आवळलेला, कुणाला खांद्यावरून ओघळलेला.

पुढे केंद्र सरकारची मच्छीमारांसाठी बायोमेट्रिक ओळखपत्रांची योजना आली. मी दहावीत होते. पावसाळी बंदीत, बोटी शाकारून ठेवलेल्या असताना शाळेच्या हॉलमध्ये यंत्र लागलं. बाबांनी काचेवर अंगठा ठेवला, यंत्र काही घेईना. दुसरा ठेवला, तोही नाही. मी जवळून पाहिलं तर त्यांच्या अंगठ्यावर रेषाच नव्हत्या. दोर ओढून, बर्फ उपसून, खाऱ्या पाण्यात राहून कातडी गुळगुळीत झाली होती आणि त्यावर जाळ्याच्या धाग्याने कापल्याच्या पांढऱ्या चिरा होत्या. यंत्राजवळच्या मुलाने ओला रुमाल दिला, कुणी साबण सुचवला, कुणी लिंबू. आमच्यामागे रांगेत जवळजवळ सगळ्यांची हीच तऱ्हा. बाबा हसून म्हणाले, “चोरी करायला बरंय की रे!” शेवटी करंगळी लागली.

आता तपासणी अंगवळणी पडली आहे. ‘सागर कवच’ ही किनाऱ्याच्या सुरक्षेची कवायत येते, किनाऱ्यावर नाकाबंदी होते, संपते. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर माझ्या भावाच्या लेकालाही पाठ आहे. कार्ड घरी विसरून बंदरावर गेलेल्या नवऱ्याच्या मागे धावणाऱ्या बायका मात्र रोज दिसतात.

स्मरणिका समितीला एक विनंती. बोटी सुटायच्या आधी खलाशांच्या याद्या आम्ही कार्बन घालून एका वहीत करायचो. वरची प्रत बंदरावर जायची, खालची वहीत राहायची. कोण कुठल्या तारखेला कुठल्या बोटीवर होतं, सगळं त्यात आहे. बाईंनी ती वही ऑफिसच्या कपाटात ठेवली होती. प्रदर्शनात चषकांच्या शेजारी ती मांडता आली तर बघा. वर ‘इयत्ता आठवी, भूगोल’ असं लिहिलंय, तेव्हा रद्दी काढताना जरा जपून.