घाम न येणारं पोर

एप्रिलचा शेवटचा आठवडा. चोपडा तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडीपाशी आमची गाडी थांबली तेव्हा साडेदहाच वाजले होते, तरी पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं. सेविकाताई दारातच म्हणाल्या, "सिस्टर, आधी त्याला बघा. सकाळपासून फणफणलाय."

'तो' साडेतीन वर्षांचा. डिसेंबरपासून मी त्याला ओळखते.

मी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी पथकात नर्स आहे. अंगणवाडीतली मुलं आम्ही वर्षातून दोनदा बघतो. वजन, उंची, दंडघेर, दात, डोळे, छातीचे ठोके, आणि त्वचेच्या रकान्यात खरूज, नायटा, इसब. डिसेंबरात त्याच्या नावापुढे इसबावर खूण होणारच होती. मी सदरा वर केला आणि हात थांबला. पोटापासून पाठीपर्यंत तपकिरी, चौकोनी खवले, कडेनं सुटलेले. तळपायाला भेगा. खालच्या पापण्या बाहेर ओढलेल्या, त्यामुळे झोपेतसुद्धा डोळा पुरता मिटत नाही. जन्मला तेव्हा अंगावर प्लॅस्टिकसारखा चकचकीत पापुद्रा होता, असं आईनं सांगितलं. पुढे मोठ्या दवाखान्यातून चिठ्ठी आली, त्यावर इक्थिओसिस लिहिलं होतं, म्हणजे अंगावर खवले धरणारा त्वचेचा जन्मजात आजार.

आजी नागदोष म्हणत होती. सून गरोदर असताना तिनं धामण ओलांडली म्हणे. मी आजीला समोर बसवून सांगितलं की, या पोराच्या प्रकारात आई आणि बाप दोघांकडूनही एकेक बिघडलेलं जनुक यावं लागतं, एकट्या सुनेवर ढकलू नका. आजी गप्प बसली, पटलं असं नाही. सून मात्र त्या दिवसापासून माझ्याशी मान वर करून बोलायला लागली.

या आजाराला मुळातून बरं करणारं औषध नाही. रोजची आंघोळ आणि रोजचं मलम हाच उपचार. आई त्याला खोबरेल चोपडून वज्रीनं घासायची, रक्त यायचं. मी तिच्या न्हाणीत बसून तिला सगळं करून दाखवलं. कोमट पाण्याचा टप, त्यात पोराला पंधरा-वीस मिनिटं खेळत बसू द्यायचं. साबण फक्त काखेत आणि जांघेत. खवले भिजून फुगले की जुन्या धोतराच्या फडक्यानं हलक्या हातानं गोल गोल फिरवायचं. सुटतील ते सुटतील, नखानं एकही ओढायचा नाही. टॉवेलनं टिपायचं, रगडायचं नाही. अंग ओलसर आहे तोवरच, तीन मिनिटांच्या आत मलम. तेही लव ज्या दिशेनं झुकते त्या दिशेनं, वरून खाली. उलटं चोळलं तर केसांच्या मुळाशी पुटकुळ्या येतात. डोक्याला रात्री लिक्विड पॅराफिन, सकाळी बारीक कंगवा. आणि मलम लावलेले कपडे घालून चुलीजवळ जायचं नाही. पॅराफिन कापडात मुरतं, धुतलं तरी पुरतं निघत नाही, आणि ठिणगी पडली तर ते कापड भपकन पेटतं. हे मी तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं.

मलमाचा हिशेब मात्र मला आजही संतापवतो. एवढ्या पोराला एकदा अंगभर लावायला दहा-बारा ग्रॅम लागतं. दिवसातून तीनदा धरलं तर आठवड्याला पाव किलो. हातात मिळाली १५ ग्रॅमची एक ट्यूब, तीही युरियाची, भेगांवर झोंबणारी. पोर किंचाळायचं. ट्यूब महिन्याला पुरवा, असंही सांगितलं होतं. असं सांगणाऱ्यानं ती ट्यूब एकदा स्वतःच्या एका पायाला लावून बघावी. मेडिकलवाल्यानं तर सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं मलम काढून दिलं होतं. लहान मुलाला ते अंगभर लावलं तर रक्तात शोषलं जातं, विषबाधा होऊ शकते. मी ते परत करायला लावलं. शेवटी आमच्या पथकातल्या औषधनिर्मात्यानं घाऊक दुकानातून पांढरं पॅराफिन आणि लिक्विड पॅराफिन आणून निम्मं-निम्मं मिश्रण अर्ध्या किलोच्या बरणीत करून दिलं. पैसे कुठून आले ते त्यानं कधी सांगितलं नाही. असा सहकारी मिळायला नशीब लागतं.

फेब्रुवारीत मुद्दाम जाऊन बघून आले होते. पाठ मऊ झाली होती, पायाच्या भेगा भरल्या होत्या. त्या दिवशी मी घरी आनंदात परतले.

आणि आता एप्रिल. थर्मामीटर १०३.४ दाखवत होता. डॉक्टरांनी मलेरियाची तपासणी केली आणि पॅरासिटामॉल दिलं. डॉक्टर मनाचे चांगले आहेत, पण साठ मुलं रांगेत असली की त्यांचं लक्ष रांगेच्या शेवटाकडे असतं. मलेरिया नव्हता. पाऊण तासानं पुन्हा मोजलं तर १०३.६. मी सदऱ्यात हात घातला. अंग मलमानं गुळगुळीत आणि तव्यासारखं गरम. घामाचा एक थेंब नाही. त्या खोलीत मी, सेविका, मदतनीस, सगळ्या निथळत होतो. हे पोर तेवढं कोरडं.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. हा आतला ताप नव्हताच. या आजारात जाड त्वचेखाली घामाची छिद्रं बुजतात, बाहेरची उष्णता अंगात साठत जाते. पॅरासिटामॉल त्यावर काय करणार? मदतनीस मावशींनी रांजणातलं पाणी आणलं, आईची ओढणी भिजवून त्याला गुंडाळलं, पंख्याखाली धरलं, ओढणी गरम झाली की पुन्हा भिजवायची. चाळीस मिनिटांत १०० वर आलं. पोरानं डोळे उघडून खिचडी मागितली.

आईनं घरून बरणी आणून माझ्यापुढे ठेवली. बरणीवर पेनानं रेघा मारलेल्या होत्या, एकेका दिवसाची एकेक रेघ. मलम बरोबर शेवटच्या रेघेवर होतं. तिनं एक दिवस चुकवला नव्हता.

"तुम्ही सांगं तसंच करं ना मी, ताई," ती म्हणाली. "मंग काय चुकनं?"

तिचं काहीच चुकलं नव्हतं. मी थंडीत शिकवलं, थंडीपुरतंच शिकवलं. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो हे जन्मापासून सोसणारी मी, याला घाम येतो का एवढं एक विचारलं नाही. त्वचारोगतज्ज्ञांना फोन केला. ते म्हणाले, मूळ दोष आजाराचाच, मलमानं एकट्यानं हे होत नाही. पण या उन्हात भरदिवसा एवढा जाड थर नको. मी त्यांचं वाक्य आठवते तेव्हा 'पण'च्या आधी थांबत नाही.

आता दिवसा पातळ लोशन, जाड मलम फक्त रात्री गारव्यात. आंघोळ दोनदा, पाणी गार. बनियन ओलं करूनच घालायचं, वाळलं की पुन्हा ओलं. वीज जाते तेव्हा पुठ्ठ्यानं वारा. अंग तापलं की आधी पाणी, मग मला फोन, मग दवाखाना. दुपारी त्याचे बाबा त्याला केळीच्या बागेत नेतात. ठिबकनं माती ओली असते, पानांची सावली दाट असते, उघड्या रानापेक्षा तिथे बराच गारवा.

रोज बारा वाजता मी फोन करते. काल आई म्हणाली, "बागमा शे. चिखलमा बठेल शे." मागून त्याचा आवाज येत होता. खालच्या पापण्यांत चिखल जाऊ देऊ नकोस, डोळ्यांचे थेंब जवळ ठेव, एवढं सांगून मी पुढच्या गावाच्या याद्या उघडल्या.